नुसतं बघायचे किती?

"ब्रेक फेल झाले" या वाक्याचा मला फार राग येतो. पेपरात दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे छापून येतंच. घाटात ट्रक उलटला, ब्रेक फेल. टेम्पो दरीत, ब्रेक फेल. आमच्याकडे प्रॉडक्शनला काही पडलं आणि कुणी मेलमध्ये कारण म्हणून "सर्व्हर डाऊन होता" एवढंच लिहिलं तर मॅनेजर त्याला फाडून खाईल. डाऊन होता ते दिसतंय रे बाबा, का होता ते सांग! पण रस्त्यावर माणसं मेली तरी आपण "ब्रेक फेल" वाचतो, चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो.

पुणेकर मंडळींना नवले पुलावरचा २० नोव्हेंबर २०२२ चा अपघात आठवत असेल. रविवारची रात्र, उतारावरून आलेल्या एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या. पहिलं कारण तेच, ब्रेक फेल. नंतर बातम्या आल्या की डिझेल वाचवायला गाडी उतारावर न्यूट्रलला सोडली होती. म्हणजे ब्रेक बिचारे शेवटचे आले आणि नाव मात्र त्यांचं लागलं.

आज लिहायचंय ते याच्या उलट्या दुखण्याबद्दल. न लागणाऱ्या नव्हे, न सुटणाऱ्या ब्रेकबद्दल. पाय काढला तरी ब्रेक थोडा धरूनच राहतो, चाक तापतं, वास येतो, गाडी ओढत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण हेच दुखणं पोसलं की शेवटी "ब्रेक फेल" होतं. कसं ते सांगतो.

माझ्या एका कॉलेजमित्राचं घर तळेघरच्या पुढच्या एका वाडीत आहे. पावसाळ्यात तुम्ही भीमाशंकरला गेला असाल तर तळेघर तुमच्या खिडकीतून मागे गेलेलं आहे. मंचरला नाशिक हायवे सोडायचा, मग घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण, आणि तिथून रस्ता डोंगरात शिरतो. आपल्याला तो रस्ता म्हणजे धुकं, कणसं आणि फोटो. तिथल्या लोकांना तो दवाखाना, बाजार, कॉलेज, तहसील, सगळंच. मित्राचा मोठा भाऊ, दादा, या रस्त्यावर पिकअप चालवतो. वर जाताना सिमेंट, पत्रे, खत, किराणा. खाली येताना उन्हाळ्यात हिरडा, दिवाळीनंतर भात. लग्नसराईत वऱ्हाड. आणि रात्री-अपरात्री कुणाचं पोटात दुखायला लागलं, कुणाचे दिवस भरले, तर पेशंट.

मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हे कायद्याला माहीत आहे, दादालाही माहीत आहे. शेजारच्या खेड तालुक्यात ११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी काय झालं तेही त्याला माहीत आहे. पापळवाडीच्या बायका पिकअपमधून कुंडेश्वरला निघाल्या होत्या, पाईटच्या बाजूच्या चढावर गाडी मागे आली आणि खाली गेली. कितीतरी घरांतल्या बायका एका सकाळीत गेल्या. ती गोष्ट चढावरची, तिचा माझ्या आजच्या दुखण्याशी थेट संबंध नाही. पण पिकअपच्या ब्रेकबद्दल बोलताना हौद्यात काय असतं ते डोळ्यापुढे असलेलं बरं. सिमेंटचं पोतं "दादा, हळू" म्हणत नाही.

तर दादाच्या गाडीचं डावं पुढचं चाक तापायला लागलं. गॅरेजवाल्याने चाक काढलं. कॅलिपरच्या पिना सुकलेल्या होत्या, पॅड एका बाजूने जास्त झिजलं होतं. पिनांना ग्रीस, नवे पॅड. आठ दिवस बरं वाटलं, परत वास. मग कॅलिपरचं रबर किट. मग बेअरिंग. मग रबरी पाइप. दर वेळी चाक उचलून फिरवून दाखवलं जायचं. "बघा, फ्री आहे." आणि खरंच फ्री असायचं! कारण गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असायची. आमच्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात. तीन महिन्यांत दहा-बारा हजार गेले.

मग एका रात्री वाडीतली एक बाळंतीण होऊ घातलेली बाई आणि तिची सासू गाडीत, घोडेगावला न्यायचं. बाहेर पाऊस. डिंभ्याच्या अलीकडच्या उतारावर दादाने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. दादा जुना माणूस, गाडी गिअरमध्येच होती. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत, शेवटी रस्त्याकडेच्या चढावर चाकं घालून गाडी थांबवली. पंधरा-वीस मिनिटांनी पेडल आपोआप परत आलं. बाई वेळेत पोचली, मुलगी झाली. सकाळी गॅरेजमध्ये निदान झालं, "एअर धरली असंल." एअर काढली, शंभर रुपये.

त्या रात्री नक्की काय झालं हे कळायला जरा हिशेब करू. समजा गाडी मालासकट ३ टन आहे आणि ती ५०० मीटर उंची उतरते. (तुमच्या आवडीचा घाट घ्या, आकडे बदला.) उंचीवरची सगळी ऊर्जा कुठे तरी जायला हवी. ती होते साधारण १.४७ कोटी ज्यूल, म्हणजे विजेची ४ युनिटं. आपल्या फ्लॅटमधला २५ लिटरचा गीझर या ऊर्जेत जवळजवळ दोनदा उकळेल. गिअरमध्ये उतरलात तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलला सोडलीत तर जवळपास सगळा वाटा चार चाकांमधल्या लोखंडाला. त्यात ब्रेक आधीच धरून राहणारे असतील तर सपाटीवरही इंजिन डिझेल जाळून ब्रेकच तापवत असतं, उताराला लागायच्या आधीच.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला लागते. आता हे ब्रेक ऑइल नाव फार घातकी आहे. ते तेल नाहीच. ते पाणी शोषणारं रसायन आहे. पण नावात ऑइल आहे म्हणून कुणी तरी डबीत खरंच दुसरं ऑइल ओततो, मग आतली रबरं फुगतात आणि ब्रेक धरतात, हे न सुटण्याचं एक स्वतंत्र कारण आहे बरं का. असो. डॉट ३ प्रतीचं कोरं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, डॉट ४ चं २३०. पण ते हवेतलं पाणी पीत राहतं. पाणी मुरलं की हाच आकडा डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ वर येतो. म्हणून दोनेक वर्षांनी बदला म्हणतात. तळेघरच्या पावसात चार वर्षं जुनं ऑइल किती पाणी प्यायलं असेल विचार करा. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, दाब चाकापर्यंत पोचत नाही. पेडल लोणी. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल जागेवर. पुरावा गायब! म्हणून सकाळी गॅरेजमध्ये काही सापडत नाही आणि "एअर धरली असंल" वर भागतं.

मित्राचे एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. मित्राने त्यांना गळ घातली आणि मी त्या रविवारी त्यांच्या मागे मागे फिरायला गेलो. त्यांनी आल्या आल्या चाक उचललं नाही. दादाला ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "ब्रेक लागतो कसा? वर का खाली?"

"आता लय भारी लागतोय काका. एकदम वर. नुसता पाय ठेवला की धरतो."

"आधी?"

"आधी खाली लागायचा. मग एका ठिकाणी दाखवला, त्यांनी वर करून दिला."

"कधी?"

दादाने आठवून महिना सांगितला. चाक तापायला लागलं त्याच्या तीन आठवडे आधी.

मी तर तिथेच थंड झालो. शेवटचं डिप्लॉयमेंट कधी झालं, हा आम्ही विचारतो तो पहिला प्रश्न. तीन महिन्यांत दादाला तो कुणीही विचारला नव्हता. गाडीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस गॅरेजच्या बाकावर बसून मोबाईल बघत होता आणि आत लोक पार्ट काढत होते.

काका दादाला म्हणाले, "जा, गाडी तापवून आण." हे फार महत्त्वाचं वाक्य आहे. दुखणं अंगावर असताना तपासायचं. दादा वर जाऊन खाली आला. सपाट जागा बघून गाडी लावली, मागच्या चाकांना दगड, पहिला गिअर. मी हौसेने कोविडच्या वेळचं घरातलं थर्मामीटर गन नेलं होतं. त्याने चाकाकडे बघून "हाय" एवढंच लिहिलं. (माणसाच्या तापाच्या पुढे त्याला मोजता येत नाही. काका हसले.) तापलेल्या चाकावर पाणी मात्र मारू दिलं नाही त्यांनी. तापली डिस्क एकदम गार केली की वाकते, तडकते.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर. डावं हाताने हलेना. उजवं? तेही जाम! एवढ्या महिन्यांत उजवं कुणी बघितलंच नव्हतं, कारण तक्रार डाव्याची होती. डाव्याच्या पिना खरोखर सुकलेल्या होत्या म्हणून ते आधी आणि जास्त तापायचं, बस. पहिला सापडलेला बग खरा असतो, हेच वाईट. तो सापडला की आपण शोधणं थांबवतो.

मग काकांनी डाव्या कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावली, नळीचं टोक बाटलीत, आणि पान्याने निप्पल पाव फेरा सैल केलं. ऑइल चुर्रकन बाटलीत आलं आणि डावं चाक सुटलं. आता हा एक पाव फेरा किती सांगून गेला बघा. निप्पल उघडूनही चाक जामच राहिलं असतं तर भानगड यांत्रिक आहे. सुकलेली पिन, गंजलेला पिस्टन, मागे असेल तर अडकलेली हँडब्रेकची केबल नाहीतर लायनरची ढिली स्प्रिंग. सुटलं, म्हणजे पाय काढल्यावरही आत दाब अडकून बसलाय. अर्धी गाडी एका प्रश्नात यादीतून बाद.

काकांनी मला उजवं चाक फिरवायला सांगितलं. तेही सुटलं होतं! डावं निप्पल उघडल्यावर उजवंही सुटतं, याचा अर्थ दोन्ही बाजूंचे रबरी पाइप मोकळे आहेत (आतून सुजलेला पाइप दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, तशी केस नाही) आणि दाब अडकलाय तो दोघांच्या वर, मास्टर सिलिंडरकडे. निप्पल बंद, ऑइल भरलं, दादा पुन्हा गाडी तापवून आला. या वेळी काकांनी निप्पलला हातच लावला नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी धरलेला असतो ते सैल करून त्याला किंचित पुढे सरकवला. बोटभरसुद्धा नाही. ऑइलचा थेंब सांडला नाही आणि चारही चाकं मोकळी.

मास्टर सिलिंडरमध्ये एक अगदी बारीक भोक असतं. पाय वर असला की ते उघडं राहतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून डबीत परत जातं. पाय दिला की पिस्टन ते झाकतो आणि मग दाब तयार होतो. पाय पूर्ण वर आला तरी पेडलच्या दांड्याला थोडा प्ले लागतो तो यासाठीच. दादाच्या गाडीत दांडा इतका लांब केला होता की प्ले उरलाच नव्हता. भोक कायम झाकलेलं. गाडी चालली, ऑइल तापलं, फुगलं, जायला जागा नाही, ब्रेक स्वतःच स्वतःला लावू लागला, त्याने आणखी तापलं. रात्री गार झालं की सगळं सुटलं. नवे पॅड, किट, बेअरिंग, पाइप, यातल्या कशाचाही त्या भोकाशी संबंध नव्हता.

आणि दांडा लांब का केला? ब्रेक खाली लागत होता म्हणून. खाली का लागत होता? मागच्या ड्रमचे लायनर झिजून अंतर वाढलं होतं, ते जुळवायचे होते. ते काम दोन्ही मागची चाकं काढायचं, कपडे काळे करायचं. दांडा फिरवणं पाच मिनिटांचं. गिऱ्हाईक खूश, "ब्रेक एकदम वर आला." काकांनी दांडा परत आत घेतला, पेडलला बोटाने दाबून प्ले बघितला, मागचे लायनर जुळवले, सगळं ऑइल बदललं. खर्च झाला ब्रेक ऑइलच्या बाटल्यांचा. एक अख्खा दिवस गेला, त्यातला बराचसा गाडी तापवण्यात आणि गार होण्याची वाट बघण्यात.

आता गॅरेजवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. मित्र घालतही होता. पण नंतर मी त्या मिस्त्रीशी बोललो तेव्हा तो जे म्हणाला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाला, "साहेब, बघायचे पैसे कोण देतं? पार्ट टाकला की मजुरी मागता येती. दिवसभर गाडी तापवून शोधलं आन नुसता दांडा फिरवून दिला, तर लोक म्हणणार, ह्याचे कसले पाचशे? दांडाच तर फिरवला."

खरंच आहे. दादानेही दिले नसते, त्याने स्वतः कबूल केलं. पॅडचे दोन हजार तो काही न बोलता देतो, कारण हातात खोका दिसतो. शोधण्याचा खोका येत नाही. मग मिस्त्री तरी काय करणार, ज्याचे पैसे मिळतात तेच करतो. आपण पार्टचे पैसे देतो, म्हणून आपल्याला पार्ट मिळतात. निदान फुकटात मागतो, म्हणून फुकटातलं निदान मिळतं: "एअर धरली असंल."

गंमत म्हणजे आम्ही आयटीवाले नेमके याच्याच पगारावर जगतो. "इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस" अशा भारदस्त नावाखाली आठवडाभर नुसतं बघतो आणि क्लायंटला डॉलरमध्ये बिल लावतो. शेवटी बदल असतो दीड ओळीचा. त्यावर कुणी "दीड ओळच तर बदलली" म्हणालं तर आम्हाला किती लागतं! आणि तोच माणूस शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला नेतो आणि विचारतो, "नुसतं बघायचे पण पैसे?" डॉक्टरला देतो, वकिलाला देतो, ज्योतिषालासुद्धा देतो. मिस्त्रीला नाही. हात काळे असलेल्या माणसाचं डोकं आपण हिशेबातच धरत नाही, हे मला त्यामागचं खरं कारण वाटतं. कडू आहे, पण आहे.

कुणी म्हणेल, नवीन गाड्यांत स्कॅनर लावला की सगळं कळतं. इंजिनचं कळतं, सेन्सरचं कळतं. प्ले संपलेल्या दांड्याला सेन्सर नसतो. तिथे बोट लागतं. आणि स्कॅनरने दाखवलेला कोड वाचून पार्ट बदलणं हेही पुन्हा तेच, फक्त स्क्रीनसकट.

तुमच्या स्वतःच्या गाडीचं चाक तापलं तर एवढं नक्की करा. सगळी चाकं बघा, तक्रारीचं एकच नको. हात लावू नका, जवळ न्या. पेडल अलीकडे वर लागतंय का, कडक झालंय का, गेल्या दोन महिन्यांत ब्रेकला कुणी कशासाठी हात लावला, हे कागदावर लिहून न्या. गाडी गरम असतानाच दाखवा. आणि मिस्त्रीला आधीच सांगा की शोधायचे वेगळे देईन, पार्ट लागला नाही तरी देईन. हे वाक्य ऐकून तो माणूस कसा बदलतो ते स्वतः बघा. निप्पलचे प्रयोग मात्र स्वतः करू नका, तापलेलं ऑइल डोळ्यात गेलं तर वेगळाच दवाखाना.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मित्राच्या आईने इंद्रायणी तांदळाची पिशवी बळेच गाडीत ठेवली. दादा अजून त्याच मिस्त्रीकडे जातो, जवळ दुसरा आहे कुठे? पण आता दोघांचं ठरलंय, बघायचे तीनशे, पार्ट लागो न लागो. दादाला बिल लागतं म्हणून मिस्त्री ते लिहूनही देतो. त्या तीनशेपुढे नाव काय लिहायचं यावर मात्र अजून एकमत नाही. "तपासणी" लिहिलं तर दादा म्हणतो आरटीओसारखं वाटतं. सध्या "किरकोळ" म्हणून लिहितात.